शेवंताबाईंचा अष्टमीचा समुद्र

शेवंताबाई गायकवाड यांनी माझ्या मुलाला फसवलं. मला नव्हे. मला फसवू शकेल असा माणूस कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत मला अजून भेटलेला नाही. फसवलं ते माझ्या नंदूला. ज्याला खोटं म्हणजे काय हेही कळत नाही, त्याला. बाई आता हयात नाहीत. मी त्यांच्याबद्दल चांगलंही लिहिणार आहे, कारण तेही खरं आहे. पण सुरुवात फसवणुकीपासून करतो, म्हणजे पुढे चांगलं लिहिता लिहिता माझा राग पातळ व्हायला नको.

मी गवताचा व्यापारी. माझा बाप दुसऱ्याच्या वखारीत गासड्या बांधायचा. मी कर्जत स्टेशनाजवळ स्वतःची वखार उभी केली. कापणी झाली की दोन्ही तालुक्यांतला भाताचा पेंढा माझ्याकडे यायचा आणि इथून मुंबईच्या तबेल्यांना जायचा. शेतकऱ्याच्या डोळ्यांकडे बघून तो कोणत्या भावाला मान डोलावणार हे मी सांगू शकत असे. एकच माणूस मला कधी वाचता आला नाही, तो माझ्या घरातच होता.

नंदू सात वर्षांचा होईपर्यंत एक शब्द बोलला नव्हता. इंजिनाची शिट्टी झाली की कानांवर हात दाबून भिंतीवर डोकं आपटायचा. वाढलेलं ताट बदललं तर दोन दोन दिवस जेवायचा नाही. दिवसभर वखारीच्या पाटीसमोर उभा राहून त्यावरच्या माझ्या नावाच्या अक्षरांवरून हवेत बोट फिरवायचा. आता अशा मुलांसाठी डॉक्टरांकडे वेगवेगळी नावं आहेत. सत्तर सालच्या आसपास आमच्याकडे एकच नाव होतं: खुळा. आईशिवाय तो कुणाला अंगाला हात लावू द्यायचा नाही. मी जवळ गेलो की अंग चोरायचा, जसं काही मी त्यालाही तोलूनच घेणार होतो.

शेवंताबाई मला पहिल्यांदा दिसल्या त्या खालापूरच्या एका दवाखान्यात. तिथे त्या आया म्हणून कामाला होत्या. नंदूला ताप होता म्हणून नेलेला. बाकावर गर्दी, कुणाचं तरी मूल रडत होतं, आणि नंदूने फरशीवर अंग टाकून किंचाळायला सुरुवात केली. सगळे सल्ला देऊ लागले. कुणी म्हणे नाकाला कांदा लावा, कुणी म्हणे दोन थोबाडीत द्या. मी त्याला उचलायला गेलो तर माझ्या मनगटाला चावला. तेवढ्यात एक उंच, काळीसावळी बाई आली, भिंतीला टेकवलेली मोठी काळी छत्री तिने उघडली, फरशीवर नंदूच्या अंगावर आडवी धरली आणि स्वतः त्याच्याकडे पाठ करून बसली. थोड्या वेळाने छत्रीखालून आवाज येईनासा झाला.

"काय जादू केलीत बाई?" मी विचारलं.

"जादू कसली शेट? पोराला घर करून दिलं. एवढ्या लोकांत उघड्यावर पडलं व्हतं." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, "दर्या दाखवलाय का याला?"

त्यांना बाळू नावाचा धाकटा भाऊ होता, नंदूसारखाच. त्यांचे वडील पेणच्या मिठागरात कामाला होते. घरात बाळूला खांबाला बांधून ठेवत. एकदा वडिलांनी त्याला आणि बाईंना सोबत नेलं आणि पुढे एका ओळखीच्या माणसाबरोबर अलिबागेपलीकडे समुद्रावर. तिथे ओल्या वाळूत बाळू दिवसभर गप्प बसून राहिला. "माझ्या भावाला मी त्या दिवशी पयल्यांदा निवांत बघितला," बाई म्हणाल्या. बाळू पुढे लहानपणीच गेला. पण बाईंनी ते ध्यानात ठेवलं, आणि अशा मुलांच्या घरांना त्या दरवर्षी समुद्रावर नेऊ लागल्या. फार नाही, चार-पाच घरं. पळसदरीच्या एका रेल्वे गँगमनची सुमन, खालापूरच्या एका कारकुनाचा मुलगा, असे.

मी म्हटलं, "उद्या टेंपो काढतो. दुपारपर्यंत पोचू."

"तीन म्हैने लागतील," बाई म्हणाल्या.

"समुद्र काय विलायतेत आहे?"

"दर्या कुठं पळून जातोय शेट? पळून जाईल ते पोर."

ही त्यांची पद्धत मला आजही पूर्ण पटलेली नाही, पण सांगतो. भाद्रपदात त्या एकट्याच समुद्रावर जाऊन एक पोतं वाळू घेऊन यायच्या. ज्याच्या त्याच्या घरी एक एक घमेलं. पहिला महिना कोरडी वाळू. मूल बसलं तर बसलं, नाही तर नाही. दुसऱ्या महिन्यात त्या वाळूत मिठाचं पाणी. मग येणार अर्ध्या सहली. एका रविवारी एसटीने फक्त खालापूरच्या स्टँडपर्यंत जायचं, केळं खायचं आणि घरी परतायचं. पुढच्या रविवारी पेणपर्यंत, आणि परत. मला हे सहन होत नसे. माल अर्ध्या वाटेवरून परत आणणारा व्यापारी कुणी पाहिला आहे? "आज इथपर्यंत. लई झालं," असं म्हणून त्या पेणच्या स्टँडवरून हसत परत फिरायच्या आणि मी दात ओठ खायचो.

आणि चित्रं. दर दिवाळीला मी गिऱ्हाइकांना कॅलेंडर वाटायचो. पुढे लक्ष्मी, खाली मोठ्या अक्षरांत माझं नाव आणि वखारीचा पत्ता, पाठ कोरी. बाईंनी जुनी कॅलेंडरं मागून नेली आणि कोऱ्या पाठीवर लाल-निळ्या पेन्सिलीने चौकोन काढले. पहिल्या चौकोनात आमचं घर. दुसऱ्यात एसटी. मग खालापूरचा स्टँड, पेणचा स्टँड, समुद्राजवळचं मुक्कामाचं सुपारीच्या वाडीतलं घर, त्यात नंदूची गोधडी आणि त्याचंच ताट. मग निळ्या रेघा, म्हणजे समुद्र. मग उलटं सगळं, शेवटी पुन्हा आमचं घर. प्रत्येक चौकोनात छत्री घेतलेली एक बाई. नंदू तो कागद छातीशी धरून झोपायचा. माझं नाव छापलेल्या बाजूकडे त्याने बघितलंही नाही.

"पोराला फसवायचं नाय शेट," त्या म्हणायच्या. "जे व्हनार ते आदी सांगायचं. मंग ते काय बी सोसतं."

या शब्दाला त्या किती जागायच्या ते सांगतो. एका वर्षी निघण्याच्या आदल्या दिवशी कळलं की पेणजवळ रस्त्याचं काम चालू आहे आणि एसटी दुसऱ्या स्टँडवर थांबणार. बाई दवाखान्यातून रजा काढून चौघांच्या घरी फिरल्या, पळसदरीलासुद्धा, आणि प्रत्येक कागदावरचा तो एक चौकोन खोडून नवा काढून दिला. मी म्हटलं, "एवढ्याशासाठी?" त्या म्हणाल्या, "तुमच्यासाटी एवढंसं. त्याच्यासाटी दुनिया बदलली."

त्या पहिल्यांदा आमच्या घरी वाळू घेऊन आल्या तेव्हाचं एक लिहायला हवं. माझ्या आईने त्यांना ओट्याखालीच बसवलं. छप्पन्न सालानंतर त्या लोकांनी धर्म बदलला होता, पण माझ्या आईने तिचा काहीही बदलला नव्हता. नंदूच्या आईने चहा आणला तर आई डोळ्यांनी थांब म्हणाली. शेवंताबाईंनी पिशवीतून स्वतःचा पितळी पेला काढला. "माझा पेला माझ्याकडं हाय आजी, वतू दे तिला," म्हणाल्या. ना राग, ना लाज. मी तिथेच होतो आणि मी गप्प राहिलो. महिन्याभराने नंदू त्या पितळी पेल्याशिवाय दुसऱ्या कशातून पाणी पिईना. आईने दोन दिवस तोंड फिरवलं. तिसऱ्या दिवशी स्वतःच बाईंना म्हणाली, "शेवंते, वर ये गं. खाली ऊन लागतं."

मार्गशीर्षातल्या अष्टमीला आम्ही पहिल्यांदा गेलो. अष्टमीच का, हे मी तेव्हा विचारलं नाही. बायकांचा काही उपास असेल असं वाटलं. नातेवाईक कुणी बरोबर घ्यायचे नाहीत ही त्यांची अट. "मामा-मावशी नकोत. हाका मारनारं मानूस नको." जेवण घरचंच, कर्जतचाच तांदूळ. तिथे पोचल्यावरही पहिल्या दिवशी समुद्रावर नेलं नाही. फक्त वाडीतून आवाज ऐकवला. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला सुरूच्या झाडांतून आम्ही बाहेर आलो. पाणी ओसरत होतं, लाटा पायरीएवढ्या. नंदू उभा राहिला. मी धोतर खोचून, टॉवेल घेऊन तयार होतो. सात वर्षं ज्याची वाट पाहिली तो क्षण हाच, असं मला वाटलं. मी हात पुढे केला.

त्याने शेवंताबाईंची करंगळी धरली. हात नव्हे, फक्त करंगळी. आणि तिच्याबरोबर तो पाण्यात गेला आणि मोठ्याने हसला. त्याचं हसणं मी त्यापूर्वी ऐकलंच नव्हतं. नंदूची आई वाळूत बसून रडू लागली. तिला आनंद झाला होता. मला काय झालं ते मी लपवणार नाही. मी त्या करंगळीवर जळत होतो. वखारीतली शंभर माणसं माझ्या एका हाकेला धावत, आणि माझा मुलगा दवाखान्यातल्या आयेचं बोट धरून हसत होता.

पाण्यातून बाहेर आल्यावर मी बाईंना बाजूला घेतलं. "किती दिवसांत तो माझा हात धरील? सांगा. लागेल ते करतो."

"शेट, हा सवदा नाय."

"तरी अंदाजाने?"

"येत्या वर्सी बघू," त्या म्हणाल्या.

येत्या वर्षीही त्यांचीच करंगळी. त्याच्या पुढच्या वर्षीही. मी त्यांना वखारीत कामाला ठेवतो म्हणालो. आमच्याच घरी राहा, दवाखान्यापेक्षा चांगला पगार देतो. त्या हसल्या. "तुमचं एक पोर हाय. माझी चार-पाच हायेत." म्हणजे मी त्यांना घेऊ शकत नव्हतो आणि त्यांच्यावाचून माझं चालतही नव्हतं. असा व्यवहार मी आयुष्यात केला नव्हता.

चौथ्या वर्षी माझी सटकली. मी ठरवलं की यंदा मी एकटाच नेणार, बाईंच्या आधी. घमेलं नको, अर्ध्या सहली नकोत, कागद नको. पौर्णिमा गाठली, कारण रात्री चांदणंही मिळेल. तेच घर घासाघीस करून घेतलं. टेंपो काढला आणि नंदूला त्याच्या आईबरोबर पुढे बसवला. कुठेही न थांबता सकाळी निघून बरोबर बाराला समुद्रावर पोचलो. बाईंना तीन महिने लागतात, मला पाच तास लागले, असं मी मनात म्हणत होतो. सुरूच्या झाडांतून बाहेर आलो आणि समोर समुद्र नव्हताच; भिंत होती. पाणी झाडांच्या मुळांपर्यंत आलेलं, आवाज असा की मीच दोन पावलं मागे सरलो. नंदू मागे वळून धावला तो थेट टेंपोच्या चाकांखाली जाऊन बसला. संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही. घरी आल्यावर पंधरा दिवस त्याने घमेल्यातल्या वाळूलाही बोट लावलं नाही.

शेवंताबाईंना कळलं. त्या आल्या आणि ओट्यावर बसल्या.

"पुनवेला नेलंत?"

"हो."

"शेट, गवताचा भाव तुमाला झोपेत बी ठावं. दर्याची तिथ इचारायला काय झालं? पुनवेला, आवसेला उधान. अष्टमीला भांग, पानी कमी चढतं. भांगाचा दर्या गरीब असतो, पोरांचा असतो. म्हनून मी अष्टमी धरते."

"मला सांगायचं होतंत," मी ओरडलो.

"तुमी इचारलं का कवा? तुमी फकस्त हात कवा धरील तेवढंच इचारता."

आमच्या ओट्यावर मला असं बोलून कुणी उठून गेलेलं नाही. त्याही गेल्या नाहीत; उठून नंदूच्या घमेल्याजवळ जाऊन बसल्या, त्याच्याकडे पाठ करून, छत्री उघडी ठेवून. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. त्या वर्षी अष्टमी चुकली. पुढच्या वर्षी नंदू परत हसला. करंगळी त्यांचीच.

अशी नऊ वर्षं. नंदू सोळाचा झाला, बाईंच्या खांद्याएवढा. दोन-चार शब्द बोलू लागला होता: पाणी, बस, आई. आणि "शेता". म्हणजे शेवंताबाई. माझ्यासाठी शब्द नव्हता. शेवटच्या वर्षी वाळूचं पोतं त्यांची भाची मीरा घेऊन आली. मी विचारलं तर म्हणाली, आत्याचे पाय दुखतात. समुद्रावरही त्या पाण्यात शिरल्या नाहीत. छत्री धरून काठाशी बसल्या आणि नंदू त्यांच्या शेजारी. त्या खूप वाळल्या होत्या. मी माणसाच्या चेहऱ्यावरून भाव ओळखणारा; मला दिसलं नसेल का? दिसलं. पण त्या दिवशी मी मनात म्हणत होतो की बरं झालं, आता तरी तो माझ्याकडे येईल. हे लिहिताना हात थांबतो, तरी लिहितो.

चैत्रात खालापूरच्या स्टँडवर एका कंडक्टरने मला सांगितलं, दवाखान्यातली शेवंताबाई गेली. मुंबईला नेलं होतं. पोटात गाठ होती, दीड वर्षापासून. दीड वर्ष. म्हणजे शेवटच्या सहलीत त्यांना ठाऊक होतं. कागदावर चौकोन काढताना ठाऊक होतं.

मी नंदूला काही सांगितलं नाही. काय सांगणार, आणि कशात काढून दाखवणार? पण त्याला महिन्यांची नावं येत नसली तरी पेंढा कळतो; पेंढा आला की सहली सुरू होतात हे त्याला ठाऊक. दिवाळीनंतर वखारीत पेंढ्याची पहिली गाडी आली आणि त्याच संध्याकाळी तो घमेलं घेऊन फाटकात बसला. दुसऱ्या दिवशी तसाच. तिसऱ्या दिवशी जेवेना. "शेता, बस," एवढंच म्हणायचा. नंदूची आई म्हणाली, "अवो, काहीतरी करा." मी उठलो आणि खालापूरला बाईंच्या घरी गेलो. खरं सांगतो, भांडायला गेलो. मेलेल्या बाईशी भांडता येत नाही म्हणून भाचीशी भांडलो. दारात उभा राहून ओरडलो की तुझ्या आत्याने माझ्या मुलाला फसवलंय, तो फाटकात बसलाय, त्याला आता कोण उत्तर देणार?

मीरा शांतपणे आत गेली आणि सुतळीने बांधलेली एक गुंडाळी घेऊन आली. "आत्या म्हनाली व्हती, शेट भांडायला येतील. आले की दे. आपनहून जाऊ नको, घ्यायचे नाहीत."

माझंच कॅलेंडर. पाठीवर चौकोन: घर, एसटी, खालापूर, पेण, वाडी, निळ्या रेघा, आणि परत. रेघा थरथरत्या, पण सगळं जागेवर. पण एकाही चौकोनात नंदूबरोबर छत्रीवाली बाई नव्हती. तिच्या जागी माझ्यासारखी टोपी आणि मिशा असलेला माणूस होता. समुद्राच्या चौकोनात त्या माणसाची करंगळी मुद्दाम लांब काढली होती. खाली कोपऱ्यात आठ उभ्या रेघा, म्हणजे अष्टमी. मी विसरू नये म्हणून.

मग मी सगळं त्यांच्या पद्धतीने केलं. रविवारी खालापूरच्या स्टँडपर्यंत, एक केळं, आणि परत. दुसऱ्या रविवारी पेणपर्यंत, आणि परत. पेणच्या स्टँडवरून परत फिरताना मी स्वतःच्या तोंडाने म्हणालो, "आज इथपर्यंत. लई झालं." मार्गशीर्षातल्या अष्टमीला सकाळी दहाला आम्ही सुरूच्या झाडांतून बाहेर आलो. पाणी ओसरत होतं. मी हात पुढे केला नाही. नुसता लोंबता सोडला आणि दुसरीकडे बघत राहिलो, त्या बघायच्या तसं. बऱ्याच वेळाने माझ्या करंगळीला काहीतरी ओलं, खरखरीत लागलं. नंदूची बोटं. नऊ वर्षं ज्यासाठी मी जळलो ते माझ्या हातात होतं.

पण तो पाण्याकडे बघत नव्हता. करंगळी माझी धरून तो मागे, झाडांकडे, काठाकडे बघत होता. काळी छत्री शोधत होता. हसला नाही. मग त्याने काखेतला कागद काढला, वाळूवर पसरला, एकेका चौकोनावर बोट ठेवलं. "शेता?" प्रत्येक चौकोनावर. शेवटच्या चौकोनापर्यंत आल्यावर त्याने कागद उचलून उलटा केला. मागे लक्ष्मी, आणि खाली माझं नाव. त्या अक्षरांवरून त्याने बोट फिरवलं, पाटीवरच्या अक्षरांवरून फिरवायचा तसं, आणि मान वर करून माझ्याकडे बघितलं. "शेता?"

शेवंताबाई, एसटीचा थांबा बदलला तेव्हा तुम्ही पळसदरीपर्यंत गेलात. जे व्हनार ते आदी सांगायचं, हे तुमचे शब्द. दीड वर्ष तुम्हाला ठाऊक होतं. माझा चौकोन काढलात, करंगळी काढलीत, तिथीसुद्धा लिहिलीत. तुम्ही कुठे गेलात त्याचा चौकोन का नाही काढला? लाल-निळी पेन्सिल तुमच्याच हातात होती. मला चित्र काढता येत नाही आणि तो रोज मलाच विचारतो. जाब द्या.